देवदूत, बदमाश आणि तिसऱ्याची बंदूक

नाश्त्याला ओट्स खाणाऱ्या (किंवा निदान विकत आणून कपाटात ठेवणाऱ्या) प्रत्येकाला क्वेकर माणूस चेहऱ्याने ओळखीचा असतो. डब्यावरचा तो पांढऱ्या केसांचा, रुंद हॅटवाला, गुबगुबीत हसरा आजोबा. गंमत अशी की त्या ओट्सचा आणि क्वेकर पंथाचा काडीचाही संबंध नाही. हे लोक सचोटीचे म्हणून प्रसिद्ध, तेव्हा नाव खपेल, अशा हिशोबाने १८७७ साली एका अमेरिकन गिरणीने तो ट्रेडमार्क नोंदवला. माझं क्वेकरविषयक ज्ञान बरीच वर्षं त्या डब्यावरच थांबलं होतं.

मग एका शनिवारी रात्री जॉन वेनचा 'एंजल अँड द बॅडमन' पाहिला. १९४७ सालचा कृष्णधवल वेस्टर्न. हा सिनेमा जालावर फुकट मिळतो आणि तेही कायदेशीरपणे, कारण त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे २८ वर्षांनी, म्हणजे १९७५ साली, त्याचा स्वामित्वहक्क नव्याने नोंदवायला हवा होता आणि तो कुणी नोंदवलाच नाही. आपल्याकडे लोक डोमेन रिन्यू करायला विसरतात ना, तसंच. :)

सिनेमा संपला तेव्हा दीड वाजला होता. शेवट बघून मी इतका वैतागलो की रविवार सगळा क्वेकरांचा इतिहास वाचण्यात गेला. त्यानंतरचे दोन-तीन रविवारही. त्या वैतागाचा हा वृत्तांत.

आधी गोष्ट सांगतो. (शेवटही सांगणार आहे. त्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. ज्यांना रहस्य फुटलेलं चालत नाही त्यांनी आधी सिनेमा बघून यावं, फुकटच आहे.)

क्वर्ट इव्हान्स हा नामांकित पिस्तूलबाज. कधीकाळी वायट अर्पच्या हाताखाली कायद्याच्या बाजूने होता, आता कुणाच्याच बाजूने नाही. तो जखमी होऊन, घोडा फेकत, एका क्वेकर शेतकऱ्याच्या दारात येऊन कोसळतो. ते वर्थ कुटुंब. आई, वडील, धाकटा मुलगा आणि मुलगी पेनेलोपी, म्हणजे पेनी. क्वर्टला शुद्ध जाण्याआधी तार ऑफिसात जाऊन एका जमिनीवरचा हक्क नोंदवायचा असतो. ही माणसं त्याला काही न विचारता गाडीत घालून घेऊन जातात. मग तो आडवा होतो तो होतोच.

तापात तो बडबडतो, तळमळतो. सवयीने हात पिस्तूल शोधत असतो. शेवटी पिस्तूल हातात दिलं की शांत होतो. पण देण्याआधी वडील त्यातल्या गोळ्या काढून ठेवतात. या एका प्रसंगासाठी मी दिग्दर्शक जेम्स एडवर्ड ग्रँटला बरंच माफ करायला तयार आहे. पुढे त्याचा वैरी लॅरेडो स्टीव्हन्स शोधत येतो, तेव्हा क्वर्ट खुर्चीत बसून दाराकडे पिस्तूल रोखतो, आणि त्याला कळलेलं असतं की ते रिकामं आहे. लॅरेडोला ते माहीत नसतं. सौदा होतो, लॅरेडो निघून जातो. रिकामं पिस्तूलसुद्धा काम करतं, फक्त ते धरणाऱ्याचं नाव क्वर्ट इव्हान्स असायला हवं.

पेनी त्याच्या प्रेमात पडते. पडते म्हणजे काय, सरळ सांगूनच टाकते. लाजणं नाही, दुपट्ट्याचं टोक चावणं नाही. इथे गेल रसेल ही नटी फार छान दिसते आणि त्याहून छान वागते. जॉन वेनसारखा सहा फूट चार इंची माणूस तिच्यासमोर गोंधळलेला बघायला मजा येते. तो सावरतो, घाबरतो, पळून जातो, जुन्या दोस्ताबरोबर गुरं लुटण्याचे धंदे करतो, परत येतो. एकदा दोघं रानात गेलेले असताना लॅरेडो हल्ला करतो. गाडी कड्यावरून नदीत जाते. पेनी तापाने फणफणते, वाचण्याची आशा मावळते. क्वर्ट पिस्तूल कमरेला बांधून गावात जातो, लॅरेडोला बाहेर बोलावतो.

इकडे पेनीचा ताप उतरतो. ती तशीच गाडीत बसून गावात येते आणि हात पुढे करते. क्वर्ट तिच्या हातात पिस्तूल देतो. तेवढ्यात लॅरेडो आणि त्याचा साथीदार बाहेर येतात, पिस्तुलं उपसतात, निःशस्त्र क्वर्टवर नेम धरतात...

...आणि इतका वेळ क्वर्टला फासावर चढवायची वाट बघत हिंडणारा म्हातारा मार्शल मॅक्लिंटॉक त्या दोघांना गोळ्या घालतो. (हे काम हॅरी कॅरीने केलंय. मूकपटांच्या काळातला वेस्टर्नचा मोठा नट. त्याच वर्षी तो वारला.) नायक-नायिका शेतीकडे रवाना. मागे राहिलेलं पिस्तूल उचलून मार्शल वर एक वाक्य टाकतो, की पिस्तूल बाळगणाऱ्यालाच पिस्तुलाची गरज पडते, अशा अर्थाचं. आणि हे कोण म्हणतोय? ज्याने अर्ध्या मिनिटापूर्वी दोन माणसं मारली तो!

म्हटलं, ही शुद्ध फसवणूक आहे. पेनीची तत्त्वं शाबूत, क्वर्टचा जीव शाबूत, खलनायक खलास, आणि हात कुणाचे रंगले? तिसऱ्याचेच. मार्शल पाच मिनिटं उशिरा आला असता तर? पटकथाकाराने एका माणसाच्या जिवावर एवढं मोठं तत्त्वज्ञान सोडवून टाकलं. (पटकथाही ग्रँटचीच.) या लोकांचा खरा इतिहासही असाच आहे का, की हे फक्त हॉलिवूड, एवढं बघायचं म्हणून मी वाचायला लागलो.

क्वेकर स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणवतात. मित्रमंडळ म्हणा. (गणपतीवालं नव्हे.) सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसाने सुरू केलेला हा पंथ. प्रत्येक माणसात देवाचा उजेड आहे, तेव्हा मध्ये भटजी नको, देऊळ नको, मंत्र नकोत. सगळ्यांनी एकत्र गप्प बसायचं, ज्याला आतून बोलावंसं वाटेल त्याने उठून बोलायचं. तिनेसुद्धा. बायका तेव्हापासून उठून बोलत होत्या, हे सतराव्या शतकात अजबच. पेनी इतकी बिनधास्त का, याचं उत्तर मला इथे मिळालं. १८४८ साली अमेरिकेत बायकांच्या हक्कांसाठी पहिलं अधिवेशन सेनेका फॉल्सला भरलं, त्यातली लुक्रेशिया मॉट ही प्रमुख वक्ती क्वेकर होती. पेनी दिग्दर्शकाने हवेतून काढलेली नाही.

आणि प्रत्येकात देवाचा उजेड असेल तर कुणाला मारायचं कसं? म्हणून १६६१ साली त्यांनी राजाला लिहून कळवलं की आम्ही कुठल्याही कारणासाठी शस्त्र उचलणार नाही.

त्यांची भाषा मात्र मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा लवकर कळेल. सिनेमात पेनी क्वर्टला 'यू' म्हणत नाही, 'दी' म्हणते. आपल्याला ते जुनाट, आदरयुक्त वगैरे वाटतं. प्रकरण बरोबर उलटं आहे. त्या काळच्या इंग्रजीत आपल्यासारखेच तू आणि तुम्ही होते. 'दाऊ-दी' म्हणजे तू, 'यू' म्हणजे तुम्ही. मोठ्यांना यू, नोकराला दाऊ. क्वेकरांनी ठरवलं की सगळी माणसं सारखी, तर सगळ्यांना तू. न्यायाधीशाला तू, सरदाराला तू, आणि समोर टोपीही काढायची नाही. यापायी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. आजच्या कंपन्यांमध्ये आपण सीईओला पहिल्या नावाने हाक मारतो आणि स्वतःला फार समतावादी समजतो. सोमवारी मीटिंगमध्ये मराठी साहेबाला एकदा 'तू' म्हणून बघा, मग कळेल फॉक्सच्या पाठीवर का वळ उठले ते.

पुढे सगळं इंग्रजी जगच 'यू'वर आलं आणि हा 'तू' क्वेकरांच्या घरात जपून ठेवलेल्या जुन्या भांड्यासारखा उरला. आपण आईला आणि विठोबाला तू म्हणतो, कारण ते आपले. पेनी एका खुन्याला पहिल्या दिवसापासून तू म्हणते, कारण तिच्या घरात सगळ्यांनाच तसं म्हणतात. प्रेम नंतर होतं, तू आधीच झालेलं असतं.

आता बंदुकीकडे येऊ.

१६८१ साली विल्यम पेन या क्वेकराला इंग्लंडच्या राजाने अमेरिकेत अख्खा प्रांत दिला. पेनच्या वडिलांचं राजघराण्यावर १६ हजार पौंडांचं कर्ज होतं, ते असं फिटलं. तोच पेनसिल्व्हेनिया. पेनने तिथल्या लेनापे लोकांशी मैत्रीचा तह केला, आणि शपथ न घेता झालेला व न मोडलेला हा एकच तह, असं कौतुक व्हॉल्टेअरने करून ठेवलं. (क्वेकर शपथ घेत नाहीत. नेहमी खरंच बोलायचं तर वेगळी शपथ कशाला?) जवळजवळ सत्तर वर्षं या प्रांताला स्वतःचं सैन्य नव्हतं. हे मला थोर वाटतं, आजही.

पण पेन गेला आणि मुलं मालक झाली. क्वेकरपणापासून दुरावत चाललेली मुलं. त्यांनी १७३७ साली एक जुना कागद काढला. त्यात म्हणे लिहिलं होतं, की माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन पेन घराण्याची. लेनापेंना वाटलं चालतील आपले, थांबत, खातपीत. यांनी आधीच रान कापून वाट करून ठेवली आणि तीन निवडक पळपुटे भाड्याने आणले. म्हणजे पळणारे. त्यातला एक शंभर किलोमीटरच्या वर गेला. सुमारे १२०० चौरस मैल जमीन हातची गेली, म्हणजे आजच्या बृहन्मुंबईच्या पाचपट. एकही गोळी न झाडता.

त्याची वसुली १७५५ साली झाली. लेनापे सरहद्दीवरच्या वस्त्यांवर तुटून पडले. एप्रिल १७५६ मध्ये गव्हर्नरने युद्ध पुकारलं, मारलेल्या लेनापेंच्या डोक्याच्या कातडीला बक्षीस लावलं. जूनमध्ये विधिमंडळातल्या सहा क्वेकरांनी राजीनामे दिले. हात स्वच्छ राहिले. युद्ध व्हायचं ते झालंच.

इथे सिनेमाच्या प्रेमकहाणीशी जुळणारी एक खरी गोष्ट सांगायला हवी. सिनेमात वर्थ मंडळी क्वर्टला जावई म्हणून स्वीकारायला जवळजवळ तयारच असतात. त्यांच्या बैठकीत तर त्याला बायबल भेट मिळतं. अठराव्या शतकात असं नव्हतं. पंथाबाहेर लग्न केलंत तर बैठकीसमोर चूक कबूल करायची, नाहीतर नाव काढलं जायचं. वाळीत टाकणंच म्हणा, फक्त प्रार्थनेला येऊन बसायला बंदी नसे. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्वायर बून नावाच्या विणकराच्या मुलीने १७४२ साली बाहेर लग्न केलं. त्याने माफी मागितली. १७४७ साली मुलाने तेच केलं. या वेळी बापाने माफी मागायला नकार दिला. १७४८ साली त्याचं नाव काढलं, आणि १७५० साली कुटुंब गाठोडं बांधून दक्षिणेला सरकलं. त्या घरातला तेव्हाचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा म्हणजे डॅनिएल बून. केंटकीचा वाटाड्या, लांब बंदूकवाला, अमेरिकेच्या सरहद्दीवरचा पहिला मोठा दंतकथेतला शिकारी. म्हणजे बंदुकीच्या त्या सगळ्या दंतकथांच्या उगमापाशी एक क्वेकर घर आहे, आणि त्यांनी न स्वीकारलेली एक सून.

आता खरी गोष्ट. यासाठीच लेख लिहायला घेतला.

१८६९ साली ग्रँट अमेरिकेचा अध्यक्ष झाला. (सिनेमावाला नव्हे, यादवी युद्धवाला.) मूलनिवासींच्या राखीव प्रदेशांवरचे सरकारी एजंट इतके भ्रष्ट होते की त्याने ठरवलं, काही ठिकाणी क्वेकरच नेमून बघू. चोरी तर करणार नाहीत. एका सेनापतीने शांततावाद्यांना बोलावलं. लोक या धोरणाला क्वेकर धोरणच म्हणत.

त्यात आयोवातला एक शेतकरी निवडला गेला, लॉरी टेटम. वय ४७. आपली नेमणूक झाल्याचं त्याला वर्तमानपत्र वाचून कळलं! जागा कुठली, तर फोर्ट सिल. आजच्या ओक्लाहोमात. हाताखाली कायोवा आणि कोमांची, म्हणजे दक्षिण मैदानांतले सगळ्यात लढवय्ये घोडेस्वार. डोक्यावर केस कमी म्हणून कायोवा त्याला 'टकल्या' या अर्थाच्या नावाने ओळखायचे. वर्थ कुटुंबाच्या दारात एक क्वर्ट आला होता. टेटमच्या दारात हजारो.

टेटम प्रामाणिक होता, मेहनती होता. शिधा मोजून द्यायचा, शाळा काढायची, शेती शिकवायची. पण कायोवांनी शेती शिकायची मागणी कधी केली होती? १८६७ च्या मेडिसिन लॉजच्या तहाने त्यांना एका चौकटीत बसवलं होतं, शिधा वेळेवर येत नव्हता, गोरे शिकारी रेड्यांचे कळप संपवायला लागले होते. तेव्हा तरुण पोरं सरहद्द ओलांडून टेक्सासात धाडी घालत, घोडे आणत, माणसं पळवून आणत, आणि शिध्याच्या दिवशी परत टेटमच्या दारात. पकडून आणलेल्या माणसांसाठी खंडणी देणं टेटमने बंद केलं. माणसं सोडा, मग शिधा. त्यातून त्याने बरीच बायकापोरं सोडवली. उपाशी ठेवणं ही हिंसा का, हा प्रश्न त्याला पडला की नाही कोण जाणे. मला पडला.

१८ मे १८७१ ला कायोवांनी टेक्सासात मालवाहू गाड्यांच्या तांड्यावर हल्ला केला. बाराजणांतले सात मेले. त्याच रस्त्याने थोडं आधी जनरल शर्मन गेला होता, तोच ज्याने यादवी युद्धात जॉर्जिया जाळलं. त्याला त्यांनी जाऊ दिलं होतं. शर्मन पुढे फोर्ट सिललाच येऊन थांबला. काही दिवसांनी कायोवा शिधा न्यायला आले. टेटमने विचारलं, टेक्सासात कोण होतं? सटांटा नावाचा सरदार उठून म्हणाला, मी होतो. अभिमानाने, यादी देऊन, कोणकोण बरोबर होते तेही.

टेटमने शिधावाटप चालू ठेवायला सांगितलं आणि किल्ल्याकडे गेला. सटांटा, सटँक आणि बिग ट्री या तिघांना पकडा, अशी विनंती त्याने सैन्याला केली. ज्या पंथाने दोनशे वर्षांपूर्वी राजाला शस्त्र न धरण्याचं लिहून दिलं होतं, त्यातल्या माणसाने जनरल शर्मनची मदत मागितली. २७ मे रोजी किल्ल्याच्या अधिकाऱ्याच्या व्हरांड्यात त्यांना बोलावून घेरलं आणि पकडलं.

म्हाताऱ्या सटँकने टेक्सासला नेताना वाटेतच, ८ जूनला, मरणाचं गाणं म्हटलं, बेड्यांतून हात सोडवले, पहारेकऱ्यावर झडप घातली आणि गोळ्या खाऊन मेला. उरलेल्या दोघांना टेक्सासातल्या ज्यूरीने फाशी सुनावली. टेटमने पुन्हा कागद लिहिले, फाशी देऊ नका, जन्मठेप द्या. फाशी त्याला मान्यच नव्हती, शिवाय त्याने सूड पेटला असता. गव्हर्नरने जन्मठेप केली. पण १८७३ साली दोघांना सोडायचं ठरू लागलं तेव्हा त्याने विरोध केला, आणि त्याच वर्षी राजीनामा देऊन आयोवाला परत गेला. त्याचे वरिष्ठ क्वेकर तर आधीपासून नाराज होते. सैन्य बोलावलंस म्हणजे आपलं तत्त्व बुडवलंस, असं त्यांचं म्हणणं. सटांटाला १८७४ साली पुन्हा तुरुंगात टाकलं. चार वर्षांनी त्याने तुरुंगाच्या दवाखान्याच्या खिडकीतून उडी मारली. बिग ट्री पुढे चर्चमध्ये गेला आणि १९२९ पर्यंत जगला.

हे वाचल्यावर मला सिनेमाचा शेवट परत आठवला. पेनी हात पुढे करते, बंदूक खाली येते, आणि बाजूला मार्शल तयार उभा असतो. सिनेमात हे योगायोगाने होतं. टेटमच्या बाबतीत त्याने स्वतः चालत जाऊन मार्शलला बोलावलं. हॉलिवूडने जी गोष्ट नायिकेच्या नकळत उरकून टाकली, ती या टकल्या शेतकऱ्याने उघड्या डोळ्यांनी केली, आणि त्याबद्दल घरच्यांचे बोलही खाल्ले.

मग फसवणूक कोण करतंय? सिनेमा, टेटम, की राजीनामे देऊन हात स्वच्छ ठेवणारे ते सहाजण? पहिल्या रात्री मी फार सहज सिनेमा म्हणालो होतो.

मी आयुष्यात कुणाच्या थोबाडीत मारलेली नाही. अहिंसावादी म्हणून नव्हे, वेळच आली नाही. पण रात्री साडेबाराला ऑफिसच्या कॅबमधून उतरतो तेव्हा सोसायटीच्या गेटवर काठी घेऊन एक माणूस बसलेला असतो, आणि त्याच्या मागे चौकी, त्याच्या मागे आणखी कोणकोण. माझं शांत आयुष्य त्या काठ्यांच्या रांगेमागे चालतं. त्या वॉचमनचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. हा लेख लिहिताना जाऊन विचारलं. तो जरा घाबरलाच, म्हणाला, काही तक्रार आहे का साहेब? मी त्याला अरे-तुरे करतो आणि तो मला अहो-जाहो, हेही तेव्हाच पहिल्यांदा कानाला टोचलं.

हॉलिवूडलाही हा प्रश्न छळत असावा. १९४७ सालीच, दोन महायुद्धांतल्या उपाशी, उद्ध्वस्त लोकांसाठी केलेल्या कामाबद्दल, क्वेकरांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन संस्थांना शांततेचं नोबेल मिळालं. पाच वर्षांनी, १९५२ मध्ये 'हाय नून' आला. त्यातली एमी (ग्रेस केली) क्वेकर, आणि नवरा गॅरी कूपर नुकताच बिल्ला उतरवलेला मार्शल. तिचे वडील आणि भाऊ बंदुकीने मेले म्हणून ती क्वेकर झालेली. या वेळी गावातला कुणीच मदतीला येत नाही. बाजूला उभा राहिलेला मॅक्लिंटॉक नाही. शेवटी एमी स्वतः पिस्तूल उचलते आणि नवऱ्यावर नेम धरणाऱ्या माणसाला खिडकीतून, पाठीत, गोळी घालते. जॉन वेनला हा सिनेमा अजिबात आवडला नाही. १९७१ च्या एका मुलाखतीत त्याने तो अमेरिकाविरोधी ठरवला. त्याचा राग मुख्यतः गावकऱ्यांना भेकड दाखवल्याचा होता. पण मला आता दोन्ही सिनेमे एकाच प्रश्नाची दोन उत्तरं वाटतात. मार्शल असला तर पेनीसारखं जगता येतं. नसला तर एमीसारखं व्हावं लागतं. आणि टेटम या दोघींच्या मधे, पत्र लिहीत बसलेला.

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख बंदुकीच्या बाजूने गेला असता. पण सिनेमा मी पुन्हा एकदा पाहिला आणि पहिल्या वेळी जवळजवळ दुर्लक्ष केलेला एक प्रसंग नीट बघितला.

वर्थांच्या शेताला पाणी कमी पडत असतं. वरच्या अंगाला कार्सन नावाच्या शेजाऱ्याने ओढा अडवलेला असतो. हे लोक त्याच्याशी भांडत नाहीत, सोसतात. क्वर्ट एके दिवशी कार्सनकडे जातो आणि आपलं नाव सांगतो. गोळीबिळी काही नाही, नुसतं नाव. कार्सनची गाळण उडते, पाणी सुटतं. पुन्हा तेच, रिकामं पिस्तूल.

पण प्रसंग तिथे संपत नाही. कार्सन वर्थांच्या घरी येतो, भेदरलेला. आणि ही मंडळी त्याला धारेवर धरायच्या ऐवजी बसवून घेतात, खाऊपिऊ घालतात. वर्षानुवर्षं शेजारी राहून जो माणूस कधी आत आला नव्हता तो टेबलापाशी बसून खातो, आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरत जाते.

पाणी क्वर्टच्या धाकाने आलं, हे मान्य. पण क्वर्ट तर थोड्याच दिवसांत निघून जाणार असतो. तो गेल्यावर कार्सन परत बांध घालू शकला असता. तो तसं करत नाही, आणि त्याचं कारण मला त्या टेबलावर दिसतं. टेटमने सरदार पकडून दिले, ते बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्याच्या नंतर तिथे कायोवांना बसवून घेणारं टेबल नव्हतं, रेडेही नव्हते, आणि जमीनही त्यांची राहिली नाही.

टेटमबद्दल एक शेवटची गोष्ट राहिली. आयोवाला परतल्यावर त्याच्या गावाजवळच्या वेस्ट ब्रँचमधल्या एका क्वेकर घरातली तीन मुलं १८८४ पर्यंत आई-वडिलांविना पोरकी झाली. त्यांच्या पैशाअडक्याचा पालक म्हणून टेटमला नेमलं. त्यातला मधला मुलगा हर्बर्ट हूवर. पुढे पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी जनतेला धान्य पोचवणारा, आणि १९२९ साली अमेरिकेचा अध्यक्ष, म्हणजे त्या देशाच्या सगळ्या बंदुकांचा सरसेनापती.

असो. लेख फार लांबला. साडेअकरा वाजलेत, उद्या सोमवार. सकाळी ओट्स.